अहवालातला विटांचा खेळ

वाचनालयात काम करते म्हटलं की लोक विचारायचे, "मग काय, दिवसभर वाचायला मिळत असेल!" मला मिळायचं. वाचनालय चालवणाऱ्यांना मिळत नव्हतं, कारण ते बिचारे वाचनालय चालवण्यात गुंतलेले असायचे. नव्वदच्या दशकात साताऱ्यातल्या एका वाचनालयात मी चार वर्षं हंगामी ग्रंथपाल होते. कार्यकारिणी नऊ जणांची. नऊ जण मिळून वर्षाकाठी जेवढी पुस्तकं नेत, त्याहून जास्त कोपऱ्यावरची इस्त्रीवाली एकटी नेत असे. देवघेवीची वही माझ्याकडे होती, म्हणून हे मला माहीत.

तिथं एक प्रथा होती. वार्षिक अहवालाच्या शेवटी 'यंदाची माझी आवड' असं एक सदर असायचं. कार्यकारिणीतल्या प्रत्येकानं आणि कर्मचाऱ्यांनी चार-चार ओळी लिहायच्या. कर्मचारी म्हणजे मी एकटीच. त्यासाठी जो कागद वाटला जाई त्यावर स्पष्ट छापलेलं असे: ग्रंथ, नाटक, प्रवास, छंद, काहीही.

त्या वर्षी कार्यकारिणीतले चौघे सांगलीला ग्रंथालयांच्या कुठल्याशा मेळाव्याला गेले. तिथं व्यासपीठावरून कुणीतरी संस्कृतीवरच्या एका दोन खंडी ग्रंथाची तोंड भरून स्तुती केली. चौघे परत आले ते भडंगाच्या पिशव्या आणि तो ग्रंथ घेऊन. भडंग दोन दिवसांत संपलं. ग्रंथ जुन्या पद्धतीनं बांधलेला होता, पानं कडेला जोडलेली. मी पट्टीनं ती फोडत फोडत साठाव्या पानापर्यंत गेले आणि हात टेकले. लेखक एकदा वाक्यात शिरला की बाहेर यायचं नाव घेत नव्हता. पुढं कार्यवाहांनी पहिला खंड घरी नेला आणि चार दिवसांनी परत आणला. हे कार्यवाह म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयात त्यांचाच शब्द चालायचा. एकसष्टावं पान होतं तसंच जोडलेलं होतं. मुखपृष्ठावर मात्र चहाच्या कपाचा गोल उमटला होता.

अहवालाची वेळ आली. कागद माझ्याकडे जमा झाले. नऊपैकी आठ जणांची यंदाची आवड म्हणजे तो ग्रंथ! एकानं तर 'एका बैठकीत वाचून संपवला' असं लिहिलं होतं. एवढी लांब बैठक फक्त अंड्यावरच्या कोंबडीला जमते. नववे गृहस्थ वर्षभर आजारी होते, त्यांनी 'विश्रांती' असं लिहिलं. अख्ख्या गठ्ठ्यात तेवढं एकच मला खरं वाटलं.

दहावा कागद माझा. आणि त्या वर्षी मला खरोखर आवडला होता तो विटांचा खेळ.

नवरा शिरवळच्या एका कारखान्यात होता, तिकडेच राहायचा, आठवड्याच्या सुट्टीला यायचा. म्हणून माण तालुक्यातल्या गावाहून सासूबाई माझ्या सोबतीला आल्या होत्या. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. सोबत म्हणजे पहारा, हे आत्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. एका खोलीत दोघी, आणि बोलायला विषय एकच, कालवणात मीठ जास्त की कमी. शेवटी नवऱ्यानं कंटाळून बाजारातून हातात मावणारा, सेलवर चालणारा एक खेळ आणला.

"ह्यो घ्या दोगी, आन् भांडायचं थांबवा," म्हणाला.

खोक्यावर छापलं होतं, नऊशे नव्याण्णव खेळ. आत खेळ एकच. करड्या काचेत वरून विटा पडायच्या, त्या खाली नीट बसवायच्या. ओळ सलग भरली की ती नाहीशी व्हायची. विटा साठत वरपर्यंत गेल्या की हरलात.

मला तो काही केल्या जमेना. आत्यांना पहिल्या दिवसापासून जमला. दुष्काळी कामांवर त्यांनी कितीतरी वर्षं दगडी बांध रचले होते, आणि पहिल्याच पावसात ते वाहून जातानाही पाहिले होते. आलेला दगड आडवा बसेल का उभा, हे त्यांच्या हाताला आधी कळायचं आणि डोळ्याला मागून. अक्षर एक येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा. पण प्रत्येक विटेला त्यांनी नाव ठेवलं होतं. लांब ती काठी, वाकडी ती खुरपं.

"काठी कवा येनार गं? जागा ठिवलीया तिची," असं त्या त्या डबीशीच बोलायच्या.

पहिली ओळ भरून गायब झाली तेव्हा त्या थबकल्या. "नीट रचलं की जातंयच व्हय? म्हंजे दुष्काळी कामच हाय की ह्ये!"

मी पोट धरून हसले. त्याही हसल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसल्याचं मला तोवर आठवत नाही. मग रोज भाकरी उरकल्या की आमचा डाव बसायचा. मी हरले आणि कुरकुर केली, "आवं आत्या, मला विटाच वाकड्या येत्यात," की त्यांचं उत्तर ठरलेलं, "विटा सरळ हायत्या, तुजं ध्यान वाकडं हाय." मीठ तेव्हापासून बरोबर पडायला लागलं.

तर मी लिहिलं. 'यंदा मला सगळ्यात आवडला तो विटांचा खेळ. माझ्या सासूबाईंनी तो मला शिकवला. त्यांच्याइतका तो कुणालाच येत नाही.' घरी आत्यांना वाचून दाखवलं.

"ह्ये छापत्यात?" त्यांनी विचारलं. "माजं?"

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "आलं का गं छापून?"

आलं नाही. त्याआधी कार्यवाहांनी मला बोलावलं. माझा कागद त्यांनी दोन बोटांत धरला होता.

"हे काय आहे?"

"काहीही चालेल असं छापलंय, सर."

"काहीही म्हणजे काहीही नव्हे, बाई." मग आवाज मऊ करून म्हणाले, "येत्या सभेत तुम्हाला कायम करण्याचा ठराव आहे. मी स्वतः मांडतोय. तुमच्या समाजातून आमच्याकडे आलेल्या तुम्ही पहिल्या. हे छापलं तर लोक काय म्हणतील? यांना वाचनाची परंपराच नाही, हेच ना? मला वाईट वाटतं हो ते ऐकायला."

आमच्या घरात भिंतीवर दोन तसबिरी, त्यातली एक पुस्तक हातात घेतलेल्या माणसाची. वस्तीत घरोघरी तशीच. हे त्यांना सांगावं असं फार वाटलं. कपाट उघडून चहाचा गोल दाखवावा असंही वाटलं. संताप तर असा आला की कानशिलं तापली. पण चार वर्षं हंगामी काढली होती, आणि शिरवळचा कारखाना महिन्यातले निम्मे दिवस बंद राहायला लागला होता. मी कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्या ग्रंथाचं नाव लिहिलं. 'अंतर्मुख करणारा' असंही लिहिलं.

"बघा, किती सहज सुचलं!" कार्यवाह म्हणाले. न सुचायला काय झालं? आठ नमुने पुढ्यात होते.

ठराव झाला. मी कायम झाले. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पेढे घेऊन घरी गेले. कार्यवाहांनी कौतुकानं अहवालाची एक प्रत माझ्या पिशवीत घातली होती. आत्यांनी पेढ्यांच्या आधी तीच बाहेर काढली.

"वाच."

मी शेवटचं पान उघडलं. नजर छापलेल्या ओळींवर फिरवली आणि तोंडानं माझा पहिला कागद म्हटला, शब्दन् शब्द. 'त्यांच्याइतका तो कुणालाच येत नाही' इथं आले आणि पान तोंडासमोर धरलं. आत्यांना वाटलं, मला भरून आलं.

"ह्यात माजं कुठं लिवलंय? दाव."

मी त्यांचं बोट धरलं आणि ग्रंथाच्या नावावर ठेवलं.

"लय बारीक लिवत्यात गं," त्या म्हणाल्या. बराच वेळ बोट तिथंच फिरत होतं. चार वर्षं मी त्या नऊ जणांना हसत आले होते. त्यांनी निदान वाचता येणाऱ्यांना फसवलं होतं.

ती जागा आत्यांनी पाठ केली. आल्यागेल्याला पान उघडून दाखवायच्या. वस्तीतल्या बायकांनाही वाचता येत नव्हतं, त्या माना डोलवायच्या. थोड्याच दिवसांनी अंगणवाडीच्या खोलीत मोठ्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. आत्यांनी लुगड्याचा पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "मी बी जाऊ म्हंती. त्ये माजं माज्या डोळ्यानं वाचीन."

मी तेव्हा वाचनालयाची कायम ग्रंथपाल होते. मी म्हणाले, "आता ह्या वयात कशाला वं आत्या?"

त्या गेल्या नाहीत. शेजारणीनं कारण विचारलं, तर म्हणाल्या, शिकल्याली सून सांगतीया, तिला कळतंय.