मिरच्यांवर उतरलेलं छप्पर

पहिलं कौल निघालं तेव्हा स्वयंपाकघरात उजेडाच्या आधी वास उतरला. काजळीचा, उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्यांचा, कित्येक पावसाळ्यांत भिजून कित्येक उन्हाळ्यांत सुकलेल्या लाकडाचा असा तो कोरडा, जुना वास. आणि त्याच्या मागोमाग उन्हाची एक तिरपी पट्टी ओट्यावर येऊन पडली. ज्या ओट्यावर मी लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाक केला तो असा आकाशाखाली उघडा पडलेला पाहून मला क्षणभर संकोचल्यासारखं झालं. मग एकामागून एक कौलं निघत गेली, लाकडी रिपांच्या चौकटीतून आभाळाचे निळे तुकडे दिसू लागले, आणि जे घर मला सदैव बुटकं, अंधारं वाटायचं ते एकाएकी इतकं उंच झालं की त्यात उभं राहायला बिचकावं.

मंगळवार पेठेतलं हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. भिंती अजून धडधाकट होत्या. थकलं होतं ते छप्पर. दर आषाढात कुठे पातेलं, कुठे बादली मांडून आम्ही ते निभावून नेत होतो. शेवटी मी आणि माझे यजमान सुधीर यांनी ठरवलं की या उन्हाळ्यात कौलं उतरवून पत्रा घालायचा. काम दस्तगीर मिस्त्रींना दिलं. मोजमाप घ्यायला आले तेव्हा त्यांनी अंगणात उभं राहून पुढे काय काय होणार ते नीट सांगितलं. सामान मधल्या खोलीत गोळा करून ताडपत्रीनं झाकायचं, पंखे उतरवून ठेवायचे, वासे कितपत कुजलेत ते कौलं उतरल्यावरच कळणार म्हणून काम लांबेल असं धरूनच चालायचं. आणि जाता जाता चप्पल पायात सरकवताना म्हणाले, "बाई, धूळ लई उडणार. शेजारी सांगून ठेवा. वाळवण-बिळवण असंल तर काढून घेतील."

शेजारी म्हणजे हौसाक्का. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, आणि त्यांची गच्ची आमच्या छपराच्या उताराखाली हातभर अंतरावर. त्यांचे यजमान वारल्यापासून आक्का कांदा-लसूण चटणी करून विकतात. आमच्या पेठेतलीच नव्हे, पेठेतून पुण्या-मुंबईला गेलेली माणसंही वर्षाची चटणी आक्कांकडून नेतात. चैत्र लागला की त्या गडहिंग्लजहून मिरची आणतात आणि त्यांची गच्ची अशी लालभडक होते, की संध्याकाळच्या उन्हात आमच्या भिंतीवरसुद्धा तो रंग चढतो.

सांगायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या जिन्याशी गेलेही. वरून त्यांचा आवाज येत होता. खाली उभ्या असलेल्या कुणा भाजीवाल्याला त्या गच्चीवरूनच फैलावर घेत होत्या. मी पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि मनात सगळं संभाषण करून टाकलं. त्या म्हणणार, मिरची वाळू द्या, मग काढा कौलं. तोवर मिस्त्री दुसऱ्या कामाला लागणार. पश्चिमेला रोज दुपारी ढग जमायला लागले होते. वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नव्हता. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या तळाशी आणखी एक कारण होतं, तेही लिहायला हवं: आक्कांच्या त्या चढ्या आवाजाशी वाद घालायचा मला कंटाळा आला होता. मी परत फिरले. सुधीरनं विचारलं, "आक्कांना सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." इतक्या सहजपणे तो शब्द तोंडातून गेला की, मलाही तो खोटा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का लसूण आणायला बाजारात गेल्या होत्या. वारा पश्चिमेचा होता. कौलांखालून सुटलेली ती काळी-तपकिरी धूळ एखाद्या जिवंत प्राण्यासारखी उठायची, क्षणभर आमच्या अंगणावर घुटमळायची आणि मग अगदी निवांतपणे पलीकडच्या गच्चीवर जाऊन बसायची. मी खालून बघत होते. त्याही वेळी धावत जाऊन दोन चादरी टाकता आल्या असत्या. पण जिन्याला कुलूप असेल, आता काय उपयोग, असं काहीबाही स्वतःला सांगत मी ताडपत्रीची दोरी घट्ट करत राहिले.

दुपारी आक्का आल्या. वर गेल्या. मग त्या कठड्याशी आल्या.

"बाई, एक शबूद सांगायचा न्हाईसा? मी बाजारला गेलोच नसतो की! आता ह्या मिरच्या काय करू मी?"

सगळी गल्ली ऐकत होती. सुधीर दारातच उभा होता. त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जिला मुलं शाळेत बाई म्हणतात, जी त्यांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला लावते, ती मी म्हणाले, "आक्का, मी सांगणारच होते हो. मिस्त्री उद्या येणार होते, ते आजच येऊन उभे राहिले."

दस्तगीर मिस्त्री भिंतीवर हातात कौल घेऊन उभे होते. आक्का त्यांच्याकडे वळल्या. "काय वं मिस्तरी, डोळं फुटल्यात व्हय? हितं मिरच्या पसरल्यात ते दिसंना झालं? दुसऱ्याच्या पोटावर पाय द्याला काय वाटत न्हाय?" आणखी बरंच बोलल्या. त्यांच्या वडिलांपर्यंत गेल्या. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून दोरीची गाठ बघत होते. मग ते एवढंच म्हणाले, "चुकलं, आक्का," आणि हातातलं कौल हळूच खाली दिलं.

त्यानंतरही ते रोज आले. कुजलेले वासे बदलले, पत्रे चढवले, पन्हाळ असं बसवलं की पाण्याचा एक थेंब आक्कांच्या गच्चीकडे जाऊ नये. काम चोख झालं. पण माझ्या घरचा चहा त्यांनी घेतला नाही. मी अंगणातल्या कठड्यावर कप ठेवायची. दुपारपर्यंत त्यावर साय धरायची. मग मी तो उचलून ओतून टाकायची. बोलायचं ते सुधीरशी बोलत. सुधीरनंही त्या संध्याकाळी "मला का खोटं सांगितलंस?" एवढंच विचारलं होतं, आणि पुन्हा विषय काढला नव्हता.

शाळा सकाळची होती. दुपारी मी आक्कांच्या घरी जाऊन बसू लागले. पिळलेल्या फडक्यानं एकेक मिरची पुसायची, देठ खुडायचा, पुन्हा उन्हात टाकायची. हात पेटायचे, रात्री ताकात बुडवून ठेवले तरी आग जायची नाही, आणि खरं सांगायचं तर ती जाऊ नये असंच मला वाटायचं. आक्कांचा माझ्यावरचा राग केव्हाच विरला होता. पुसता पुसता त्या मला लेकीच्या सासरच्या गोष्टी सांगायच्या, आग्रहानं भाकरी वाढायच्या. राग सगळा मिस्त्रींवर. "ह्या गच्चीवर शेड घालायचं होतं, त्येलाच सांगणार होतो. आता दारात उभा करणार न्हाय त्येला. आनी भागातल्या चार घरांत सांगून आलोय." मी मान हलवायची. प्रत्येक वेळी माझी मान हलायची, आणि प्रत्येक वेळी ते खोटं मी नव्यानं बोलत असे.

चटणी कुटायच्या दिवशी आक्कांकडे नवी मिरची आलेली दिसली. भाजलेल्या खोबऱ्या-तिळाच्या दरवळात त्यांनी दोन ढीग वेगळे ठेवले होते. मी विचारलं, हे वेगळं कशाला? त्या म्हणाल्या, "ही नवी, गिऱ्हाइकास्नी. आपण पुसल्याली घरला ठेवतो."

"पण आपण तर एकेक पुसलीय, आक्का."

"पुसलीया. खरं दुसऱ्याच्या पोटात घालाय हात हुईना माजा. आमी खाऊ की वरीसभर. आमास्नी काय हुतंय?"

मी फडकं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. मिस्त्री ठरल्या दिवशीच आले होते. त्यांनी मला बजावलं होतं. मी जिन्यापर्यंत येऊन परत गेले होते.

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांच्या ओरडण्याची मी जवळजवळ आशाच धरली होती. आक्का परातीतल्या मिरच्या हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी त्या माणसाच्या बापाला बोललो, ते उगंच?" माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. उठल्या, हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला. "चला."

मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडे एका घरावर पत्रे ठोकत होते. आम्हा दोघींना पाहून त्यांचा हात थांबला, वरूनच विचारलं, "काय वं बाई, गळतंय काय कुठं?"

आक्का रस्त्यातूनच बोलल्या, भांडताना बोलतात त्याच आवाजात. "मिस्तरी, खाली या! न्हाईतर तितनंच ऐका. मी तुमास्नी नाय नाय ते बोललो. तुमची काय चूक नव्हती. माजी चूक झाली!" जाणारी-येणारी माणसं थांबली. ज्या गल्लीत त्यांनी अपमान केला होता तिथपर्यंत तो आवाज गेला असेल.

मिस्त्री शिडीनं खाली आले. "जाऊ द्या, आक्का. तुमचा माल नासला हुता. तोंडातनं जातंय." मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाले, "बाई, तवा मला वाटलं, आता बोलशीला. म्हणून मी जरा थांबलो हुतो."

मी क्षमा मागितली. शब्द नीट होते, व्याकरणशुद्ध होते. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते कळलं नाही. मग ते आक्कांशी शेडच्या लांबी-रुंदीबद्दल बोलू लागले.

पुढे पाऊस आला. घरात कुठेही पातेलं मांडावं लागलं नाही. पत्र्यावरच्या त्या घोंगावत्या सरींखाली कोरड्या अंथरुणावर पडून मी ते क्षण पुन्हा पुन्हा मोजत राहते: भिंतीवर हातात कौल घेऊन एक माणूस उभा आहे, खाली माझ्याकडे बघत मी बोलायची वाट पाहतो आहे. केवढा अवधी होता तो. एक वाक्य सहज मावलं असतं त्यात.

आक्का पूर्वीसारख्याच येतात, ओरडतात, हसतात, मला भाकरी वाढतात. फक्त कधीकधी काही विचारून झाल्यावर त्या किंचित थांबतात, माझ्या उत्तराकडे जरा जास्तच लक्ष देऊन ऐकल्यासारख्या. हे खरंच घडतं, की मलाच तसं दिसतं, ते त्यांना विचारायचं अजून राहिलं आहे.