अक्रोडाची टरफलं

वडाळा नाक्यावरच्या जमीलभाईंना लोक कानाचा मिस्त्री म्हणत. नव्वदच्या दशकात फियाट असो की स्कूटर, दारात येऊन थांबायच्या आत ते चहाचा कप हातात ठेवूनच, नुसत्या आवाजावरून रोग सांगत. चढाला टकटक वाजतंय ना, मग आत काजळी धरलीय. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवायचं, रॉकेलमध्ये भिजवायचं आणि बांबूच्या कामटीनं खरवडायचं. लोखंडी पात्याला कुणी हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. स्वभाव तिखट, पण गिऱ्हाईक तुटत नसे, कारण निदान चुकत नसे.

एकदा मात्र चुकलं, आणि तेही सहादूच्या बाबतीत. मखमलाबादचा सहादू झेंडू पिकवायचा, गणेशवाडीच्या फूलबाजारात विकायचा. जमीलभाईंचा जुना दोस्त. त्यानं हौसेनं एक वापरलेली परदेशी गाडी घेतली. इंजिन नव्या तऱ्हेचं, पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात सोडणारं. ते न उघडताच जमीलभाईंनी सांगून टाकलं, की भारीतलं, जादा ऑक्टेनचं पेट्रोल टाक, काजळी जन्मात धरणार नाही. सहादूला तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भारी पेट्रोलच्या पंपासाठी तो रोज वाट वाकडी करू लागला.

२००९च्या थंडीत जमीलभाईंच्या लेकीचं, झेबाचं लग्न ठरलं. नवरा आवेज, मनमाडला रेल्वेत. पोरगी सासरी जाईल ती माझ्याच गाडीतून, असं सहादूनं आधीच जाहीर केलं. आणि लग्न तोंडावर आलं असताना ती गाडी सकाळच्या गारठ्यात थरथरायला लागली, चढावर दम टाकायला लागली. दुसरी गाडी ठरवू, असं जमीलभाईंनी म्हटल्यावर सहादूचा चेहराच उतरला.

"जमीलभाई, तिला खांद्यावर घेऊन म्या फूलबाजार दाखवलाय. भाड्याच्या गाडीतून धाडायची व्हय?"

जमीलभाईंनी इंजिन उघडलं. हवा आत घेणाऱ्या झडपांवर काळी, जाड खरपुडी बसली होती. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. जुन्या इंजिनात पेट्रोल या झडपांवरून जायचं, त्यांना धूत जायचं. इथं ते त्यांना शिवतच नव्हतं. मग साधं काय आणि भारी काय, झडपा धुणार कशा? ऑक्टेननं टकटक थांबते, भांडी घासली जात नाहीत. हे सहादूला सांगताना त्यांनी आपली चूक कबूल केली. सहादू मात्र हसला. तेवढीच पंपवाल्याची दिवाळी झाली म्हणाला.

हेड उतरवायला सवड नव्हती, आणि झडपा होत्या खोल, अरुंद वाटेत. कामटी पोचेना, आणि लोखंड घालायला मन होईना. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले. समोर त्यांची बायको खातूनबी लग्नाच्या शीरखुर्म्यासाठी अक्रोड फोडत होती. टरफलांचा ढीग बघता बघता त्यांना ओझरच्या विमान कारखान्यातला एक फिटर आठवला. विमानाची इंजिनं अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यानं साफ करतात, असं तो सांगायचा, आणि जमीलभाई त्याची यथेच्छ टिंगल करायचे. आता पटलं. टरफल काजळीला भारी पडेल, पण धातूवर ओरखडा काढणार नाही.

ते खलबत्त्याला हात घालणार, तोच खातूनबीनं तो ओढून घेतला. भुगा तीच कुटायला बसली. माझ्याही हातचं काहीतरी त्या गाडीत जाऊ दे, म्हणाली.

शेजारच्या ग्रिलवाल्याकडून गंज काढायला वाळू मारायची बंदूक आणली, कॉम्प्रेसरची हवा जोडली. एकेका सिलिंडरच्या झडपा आधी बंद करून घ्यायच्या, भुगा मारायचा, मग सगळा शोषून काढायचा. संध्याकाळपर्यंत काजळीखालचा धातू दिसू लागला. दुसऱ्या दिवशी गारठ्यातही गाडी थरथरली नाही.

निकाह झाला. रुखसतीच्या, लेकीच्या पाठवणीच्या वेळी बॉनेटवर झेंडूच्या माळा, पुढे सहादू, मागे झेबा. गाडी सुरू झाली तसा जमीलभाईंनी सवयीनं कान दिला. आयुष्यभर त्यांनी इंजिनातली खोड शोधली होती ती काढून टाकायला. आज मात्र त्यांना वाटत होतं, एखादी खोड सापडावी. इंजिन एकदा तरी अडखळावं, म्हणजे हात वर करून गाडी थांबवता येईल आणि लेक आणखी घटकाभर दारात राहील.

इंजिन एका सुरात चालत राहिलं. गाडी नाक्यावरून वळली.

खातूनबीनं विचारलं, आवाज कसा आहे.

"काहीच खोट नाय," जमीलभाई म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.