पाठ फिरेपर्यंत

आमच्या मेहुण्यांइतका अस्वस्थ माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा निघाला, तर मी त्याच्या घरी जन्मभर पाणी भरायला तयार आहे. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू. ते मला दाजी म्हणतात आणि मी बायकोच्या देखादेखी त्यांना दादा म्हणतो. हा गृहस्थ चहा उभ्याने पितो, पेपर चालत वाचतो आणि जेवताना मधेच उठून पंख्याचा वेग बदलून येतो. दोन घास खाल्ले की पुन्हा उठतो आणि होता तसा करून येतो. कुणाच्याही लग्नाला गेले तरी शेवटच्या मंगलाष्टकाला यांची मोटारसायकल मांडवाच्या तोंडाशी सुरू झालेली असते. स्वतःच्या मुलीच्या लग्नात कन्यादानाची वेळ झाली तेव्हा ते जागेवर नव्हते. शोधाशोध केल्यावर आचाऱ्यांच्या घोळक्यात सापडले. मोठ्या शेगडीचा आवाज बरोबर येत नाही म्हणून तिचा बर्नर उघडून बसले होते. माझ्याकडे कर्जतला आले तर सोफ्याला पाठ टेकायच्या आत ‘चला, निगतो’ म्हणतात. मीही काही फार शांत माणूस नाही. आम्ही दोघं एका खोलीत असलो की बायकोला म्हणे एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटतं.

असा हा माणूस एका ठिकाणी मात्र तास तास हलत नाही, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. खोपोलीतल्या एका सायबर कॅफेवाल्याने धंदा बंद करताना जुन्या सीडींची एक पिशवी मेहुण्यांना देऊन टाकली होती. त्यात एक गेम निघाला, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. एक जुनं दगडी शहर, त्यात आपण चोर. हाणामारी करून या गेममध्ये काही मिळत नाही. अंधाराच्या कडेकडेने जायचं, पहारेकरी आला की कोपऱ्यात दबून राहायचं आणि त्याची पाठ फिरली की पुढे सरकायचं. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही. सगळा खेळ एवढाच. रसायनीच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले, जेवण झालं, की भर दुपारी खिडकीला गोधडी टांगून मेहुणे खोलीत अंधार करतात आणि पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरपुढे बसतात. बाहेर ऊन मी म्हणत असतं, आत पंखा बंद. पंख्याच्या आवाजात पहारेकऱ्याचं पाऊल ऐकू येत नाही. हेडफोन त्यांना सोसत नाहीत, पाऊल खोलीत वाजलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. घाम निथळत असतो, पण हा माणूस दहा दहा मिनिटं एका खांबाआड उभा असतो आणि त्याचा पायसुद्धा हलत नाही.

या तपश्चर्येत विघ्न आणतात त्या आमच्या वहिनी. त्या खोलीत आल्या की पहिल्यांदा दिव्याचं बटण दाबतात. अंधार मोडतो, पडद्यावरचं काही दिसेनासं होतं आणि मेहुणे कपाळाला हात लावतात. हा वाद गेली दोन-तीन वर्षं चालू आहे. त्याआधी वहिनी बिचाऱ्या गुपचूप चहा ठेवून जायच्या. वयाबरोबर आपल्या बायकोला अंधाराची भीती वाटायला लागलीय, असं मेहुण्यांचं निदान.

मुलीने बापाचं हे वेड पाहून पुण्याहून एक नवा गेम आणला होता. दिसायला एकदम झकपक. त्यात एक बटण दाबलं की भिंतीपलीकडचे पहारेकरीसुद्धा लाल रंगात चमकायचे. मेहुण्यांनी पाऊण तास खेळून पाहिला आणि परत केला. ‘भिंतीपल्याड समदं दिसाय लागलं तर ती चोरी कसली गं? ती देवळातली रांग झाली,’ असं ते लेकीला म्हणाले. जुन्या गेममध्ये काही दिसत नाही, कानांवर भरवसा ठेवावा लागतो, म्हणून तो शिळा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा नुसतं खूळ वाटलं होतं.

खेळाची सवय अंगात किती भिनावी? एकदा आम्ही सगळे नेरळवरून माथेरानला गेलो. लोक पॉइंटवर उभे राहून दरी पाहत होते, मेहुणे खाली जमीन पाहत होते. ती तांबडी माती पायाने चाचपून मला म्हणाले, ‘दाजी, हितं पावलाचा आवाजच नाय.’ त्या एका शोधाने त्यांची सहल वसूल झाली. मग घोडेवाले मागे लागले. आम्ही त्यांना नको नको म्हणून थकलो. मेहुणे मात्र नाहीसे झाले होते. अर्ध्या तासाने एका जांभळीच्या बुंध्यामागून बाहेर आले आणि सात घोडेवाल्यांपैकी एकानेही आपल्याला पाहिलं नाही, हे त्यांनी विजयी चेहऱ्याने सांगितलं. हळदीच्या कार्यक्रमात ज्या आत्याबाई प्रत्येकाला पकडून नाचवतात, त्यांच्या हाती हे एकदाही लागलेले नाहीत.

आता त्यांची खरी इच्छा सांगतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा गेम एकाही पहारेकऱ्याच्या नजरेस न पडता पुरा करायचा. सगळं जमलं होतं, अडलं होतं ते शेवटच्या गढीतल्या एका लांब दगडी व्हरांड्यापाशी. तिथला पहारेकरी डाव्या वळणाआड फिरतो, दिसत नाही. इतरांसारखी त्याची वेळ ठरलेली नाही. मनाला येईल तेव्हा थांबतो, खाकरतो, परत फिरतो. तो लांब जातोय की जवळ येतोय, हे नुसतं पावलावरून ओळखायचं. वर्षानुवर्षं मेहुणे तिथे नव्वद टक्के पोचायचे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ते पहिल्याच पावलाला सापडायला लागले. मग त्यांनी स्पीकर बदलले. महिन्याने पुन्हा बदलले. तिसरी जोडी त्यांनी माझ्याकडून कर्जतच्या बाजारातून मागवली, ती घेऊन मी एका दुपारी त्यांच्याकडे गेलो.

त्यांच्या अस्वस्थपणात काहीतरी बदललंय, हे मला त्या दिवशी जाणवलं. पूर्वी त्यांचे पाय थांबायचे नाहीत, आता मान थांबत नव्हती. बोलता बोलता मागे वळून पाहत होते. आम्ही गोधडी टांगली, स्पीकर जोडले आणि मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो. व्हरांडा आला. डाव्या स्पीकरमधून पहारेकऱ्याची पावलं मला स्वच्छ ऐकू येत होती. टक, टक, अगदी जवळ. आता हे थांबतील असं मला वाटलं, आणि मेहुणे सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. पडद्यावर आरडाओरडा झाला. मेहुणे म्हणाले, ‘ह्या स्पीकरातबी दम नाय.’

मी डाव्या स्पीकरकडे पाहिलं, मग त्यांच्या डाव्या कानाकडे. त्या नजरेवरूनच त्यांना कळलं असावं. खुर्चीतून उठले, गोधडीपर्यंत गेले, परत आले, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

कारखान्यात ते तीस वर्षं कॉम्प्रेसरवर होते. मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची आणि आतली खरखर ऐकून मशीनचं दुखणं सांगायचं, ही त्यांची ख्याती. कंपनीने कानात घालायची बोंडं दिली होती, ती तीस वर्षं शर्टाच्या खिशात राहिली. बोंडं घातली तर मशीन कसं ऐकायचं? डावा कान पार गेला, उजवा निम्मा. दरवर्षी कारखान्यात कानांची तपासणी व्हायची आणि दरवर्षी हे पास व्हायचे. काचेच्या पेटीत बसवून कानाला यंत्र लावतात, आवाज आला की आपण बटण दाबायचं. आवाज सोडणाऱ्या माणसाचा खांदा मात्र काचेतून दिसायचा, आणि आवाज सोडताना तो खांदा जरासा हलायचा. एवढी वर्षं पहारेकऱ्यांच्या पाठी वाचलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. यंदा तपासणीला यंत्रं बसवलेली नवी गाडी आली आणि त्या गाडीत खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती.

‘मग?’ मी विचारलं.

‘मंग काय. दोन म्हयने झालं, गेटवर बसवलंय. ट्रक आत सोडायचं, भायेर सोडायचं. सारा जन्म चोर व्हतो दाजी, आता पहारेकरी झालोय.’

मी हसलो, तेही हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, ‘मागनं कोण येतंय त्ये कळत नाय आता. बसवत नाय म्हून. घरात सांगू नका. ह्यो एक व्हरांडा माज्या कानानं पार करायचा व्हता, त्ये ऱ्हायलं.’

मला त्यांचं वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढं मोठं दुखणं घेऊन हा माणूस आम्हा सगळ्यांच्या मधून पावलाचा आवाज न करता वावरत होता आणि आम्ही त्याच्या उभ्याने चहा पिण्याला हसत होतो. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि डाव्या खांद्यावर हात ठेवला. पाऊल जवळ आलं की दाबतो, लांब गेलं की सोडतो, असं उजव्या कानाशी जाऊन सांगितलं. ते नको म्हणाले. दुसऱ्याच्या कानाने केलेली चोरी मोजत नाहीत म्हणाले. पण उठले नाहीत.

पहिल्या चार वेळा आम्ही पकडले गेलो आणि चारही वेळा चूक माझी होती. मला धीरच धरवेना. पहारेकरी जरा लांब गेला की मी हात सोडून द्यायचो, तो खाकरून परत फिरायचा. ‘दाजी, घाई नाय. पाठ फिरू द्या त्याची,’ एवढंच ते म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला धीर धरायला सांगितलं. पाचव्या वेळी मी डोळेच मिटून घेतले आणि नुसतं ऐकत राहिलो. पावलं आली, थांबली, खूप वेळ थांबली. मग एक एक करत लांब गेली. मी हात सैल केला. मेहुणे सरकले. डोळे उघडले तेव्हा व्हरांडा मागे पडला होता आणि पुढे फक्त गालिचा होता.

तेवढ्यात मागून वहिनी चहा घेऊन आल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज आला. मी वळून पाहिलं, तर त्यांचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला होता. त्यांनी माझा हात मेहुण्यांच्या खांद्यावर पाहिला आणि बटण न दाबता तशाच थांबल्या. घरात सांगू नका म्हणणाऱ्या या माणसाच्या घरात दोन-तीन वर्षांपासूनच कानांचं माहीत होतं. आपण मागून आलो की तो दचकतो, म्हणून ही बाई रोज दिवा लावून शिव्या खात होती.

मी खांदा हलकेच दाबला. मेहुणे वळले नाहीत. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी हात मागे केला, वहिनींनी त्यात कप दिला, आणि त्यांनी तो चहा सगळा बसून प्यायला.