आयनांना सवड हवी

विमानातून पहिल्यांदा कुवेत दिसलं ते सगळं एकाच रंगाचं, भाजलेल्या रव्यासारखं. माझ्या पर्समध्ये पेरोव्स्काइट नावाच्या नव्या पदार्थाचे सौर सेल होते, काचेच्या छोट्या चकत्या. कुवेत शहरातल्या मिरकाब भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ते वर्षभर ठेवायची परवानगी मिळवायची होती. ती नाही मिळाली तर आमच्या प्रयोगशाळेचा प्रकल्प आटोपलाच.

शहराजवळच्या सालमिया भागात मावसभाऊ संजयकडे उतरले. तो नाशिकचा, इथे पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर. वहिनीनं झुबैदीचं (इथलं पापलेट) कालवण केलं होतं, त्यावर मी तुटून पडले. सकाळी उठून पाहते तर सेल बाल्कनीत, रणरणत्या उन्हात.

"ताई, प्लांटमध्ये वॉर्म-अप केल्याशिवाय आम्ही कुठल्याही मशीनला लोड देत नाही," संजय अभिमानानं म्हणाला.

मला रडूच आलं. या सेलमध्ये इलेक्ट्रॉनांखेरीज आयन नावाचे विद्युतभारित कणही असतात आणि ते स्वस्थ बसत नाहीत. ऊन लागलं की सरकतात, कडेला गर्दी करतात आणि विजेची वाट अडवतात. अंधारात ठेवलं तर बरेचसे परततात, पण सवडीनं.

सवड कुठली? इमारतीचे मालक अबू फहद वाट बघत होते. वयस्कर, हसरे, हिंदी बोलणारे. त्यांच्यासमोर दिव्याखाली मोजणी केली. व्होल्टेज चढवत नेलं की कार्यक्षमतेचा एक आकडा, उतरवत आणलं की दुसरा, आणि दोन्ही लाज आणणारे. मी सेल काळ्या कापडात गुंडाळले आणि थोडा वेळ मागितला.

तेवढ्यात गहवा (वेलदोड्याची अरबी कॉफी) आली. कप रिकामा झाला की वाढणारा पुन्हा भरायचा. सोबत आलेला संजय कुजबुजला, की कप जरा हलवून परत दिला की थांबतात. तोवर पाहुण्याला आणखी हवी असं समजून यजमान बसून राहतो. हे ऐकून मी कप घट्ट धरला. आयन परतत होते, मी पीत होते आणि संजय कपाळाला हात लावून बसला होता.

छातीत धडधडायला लागलं तेव्हा कप हलवला. पुन्हा मोजलं. आकडा चांगलाच वर आला होता.

अबू फहदनी विचारलं, "डॉक्टर, सच्चा कौनसा? पहले वाला, या गहवा के बाद वाला?"

खोटं बोलायचा मोह झाला. "दोनों," मी म्हणाले. "धूप में थकता है, अंधेरे में सँभलता है. पूरा सँभलता है या नहीं, यही देखने के लिए छत चाहिए."

ते बराच वेळ हसले आणि गच्ची दिली. अट एकच, सेलवर कुणी कापड घालायचं नाही.

सेल गच्चीवर लावले, रोजचे आकडे बघायचं काम संजयवर सोपवलं आणि निघाले. परतीच्या विमानात डोळ्याला डोळा लागला नाही, गहव्याचा प्रताप. प्रयोगशाळेत आपण एक आकडा लिहून मोकळे होतो. तो येण्याआधी सेल उन्हात होता की सावलीत, हे फारसं कुणी विचारत नाही. कुवेतला ते विचारणारा माणूस भेटला याचा मला मनापासून आनंद झाला.

घरी पोचले तोच संजयचा मेसेज आला: "ताई, दुपारी आकडा फार उतरलाय. बघवत नाही. झाकू का?"

मी लिहिलं, "नको. रात्र होईलच."