कुंपण नसलेलं लॉज

ट्रिप सहा दिवसांची होती, पण दोन वर्षं झाली तरी तिचे किस्से संपत नाहीत. अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीत कोणाकडेही जेवायला जमलो, की ताटं वाढेपर्यंत बोट्स्वाना निघतोच. गेलो होतो चौघंच. मी, माझी बायको शोभा, आणि आमचे तीस वर्षांपासूनचे शेजारी शरद आणि मृणाल. ते दोघंही डॉक्टर, आता रिटायर्ड. शरद हार्टचा, मृणाल नवजात बाळांची.

*

जंगलातल्या आमच्या सफारी लॉजला कुंपण नव्हतं. तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंत जायलाही गार्ड सोबत यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेत एक रानरेडा आडवा उभा. गार्ड हळूच म्हणाला, "काही झालं तरी पळू नका."

शरदचे दोन्ही गुडघे बदललेले. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "याला सांग, ती सोय मी केव्हाच कॅन्सल केलीय."

रेडा निघून गेला. मग माझ्या लक्षात आलं, शोभाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले होते.

*

आमचा गाइड थॉमस. त्याने एकदा विचारलं, तुमच्याकडे कुठली जनावरं असतात? शोभाने फोनवरचा फोटो दाखवला. आमच्या ड्राइव्हवेत कचऱ्याचा डबा उलटा करून बसलेलं काळं अस्वल.

थॉमसने फोटो मोठा करून नीट पाहिला. मग काळजीने म्हणाला, "आणि तुमच्याकडे गार्ड नसतो?"

*

तिसऱ्या दिवशी माकडाने शरदच्या गोळ्यांची पिशवी पळवली. शरदला वर्षभरापूर्वीच स्टेंट घातलेला. त्या गोळ्या चुकवून चालणार नव्हतं, आणि सगळ्यात जवळची फार्मसी म्हणजे विमानाचा प्रवास. मृणालचा चेहरा पांढरा पडला.

थॉमस आणि किचनमधले दोघं झाडांखाली वाकून दोन तास शोधत होते. एकेक करत बहुतेक पाकिटं मिळाली. एक गोळी चावून थुंकलेली होती.

शरद ती हातात घेऊन म्हणाला, "एवढ्या वर्षांत हा पहिला पेशंट, ज्याने गोळीबद्दल मला खरं काय ते सांगितलं."

*

शेवटच्या सकाळी नदीकाठी एक हत्तीण एकटीच दिसली. पायाशी तिचं मेलेलं पिल्लू. थॉमस म्हणाला, "आज तिसरा दिवस. कळप पुढे गेला, ही गेली नाही." त्याने इंजिन बंद केलं.

हत्तीण सोंडेने पिल्लाला चाचपायची, पायाने हलकेच ढकलून बघायची. गिधाडं जवळ सरकली की कान फडफडवून अंगावर जायची, आणि परत येऊन तिथेच उभी राहायची.

मृणालने उभा जन्म एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढला. त्याबद्दल ती कधीच बोलत नाही.

वीसेक मिनिटांनी थॉमसने किल्लीला हात लावला. मृणाल म्हणाली, "नॉट येट, प्लीज."

ऊन चढलं. नाश्त्याचे डबे मांडीवर तसेच राहिले. बऱ्याच वेळाने, हत्तिणीवरची नजर न काढता, मृणाल मराठीत म्हणाली, "मी त्या आयांकडून गेलेलं बाळ अर्ध्या तासात मागून घ्यायचे."

थॉमसने किल्ली काढून खिशात ठेवली.