खोली खाली करा, एवढंच सांगाचं होतं

मी मिस्त्री माणूस. पुसदात लोकाईचे घरं बांधता बांधता म्हातारा झालो, अन् स्वतःची एक खोली बांधली तर तिले खिडकी ठेवाचीच विसरलो. स्लॅब टाकून झाल्यावर बायकोनं इचारलं, हवा कुठून येईन. मंग भिंत फोडून खिडकी काढली, ते निंगाली शेजाऱ्याच्या गोठ्यात. तरी खोली चालली. पोरीचं लग्न झाल्यापासून तिथं शिकणारे पोट्टे राह्यतात. त्याईच्यासाठी म्हणून खोलीले लागूनच संडास-बाथरूम केलं. आमचं स्वतःचं आंगणाच्या पार टोकाले, तीन पायऱ्या चढून. त्या पायऱ्या बी मीच केल्या, तिन्ही वेगवेगळ्या उंचीच्या.

औंदा दोघं होते. एक कळंबचा, फार्मसी शिकणारा. दुसरा मुकुटबनकडचा, बी.ए. करता करता पोलीस भरतीची तयारी करे. सकाळी पळून आला का आमच्या आंगणात पाय ताणत बसे. दोघं मले काकाजी म्हणत. मी दुसरीतून पळालेला. त्याईचं पुस्तक उलटं धरून वाचल्यासारखं करो, ते हासत. कोणी हासते म्हणलं का मी हातचं काम सोडतो, ही माही खोड. पहिल्या दिवसापासून माही एकच मजाक, दारात उभं राह्याचं अन् म्हणाचं, "चला, खोली खाली करा." कधी चहा पातळ झाला म्हणून, कधी मॅच हारले म्हणून. ते म्हणत, "करतो काकाजी, टेम्पो पाठवा."

जूनमधी पोरीले पाचवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच, सातवा लागला का आणाचं ठरलं. तिच्या पायाले सूज राहे, डॉक्टरनं पायऱ्या चढाले मना केलतं. बायको म्हणाली, "तिले तेच खोली लागन. पोट्ट्याईले आत्ताच सांगा. जूनमधी कुठं बी खोली भेटते, मंग साऱ्या भरून जातात."

"तूच सांग ना."

"ते तुमच्यासंग हासतात-बोलतात. तुमीच सांगा."

गेलो. दारात उभा राह्यलो अन् म्हणलं, "पोट्टेहो, खोली खाली करा." कळंबचा म्हणे, "टेम्पो आणला का?" मीबी हासलो. त्यानं चहा ठेवला. चहा पेऊन परत आलो.

"सांगतलं?" बायको म्हणाली.

"सांगतलं."

"काय म्हणले?"

"हासले."

ते भाजी निवडत राह्यली.

जुलैत ठरवलं, आता तोंड पाडून जाचं. आरशात पाहून तोंड पाडलं. मुकुटबनच्यानं पाह्यलं अन् घाबरला, "काकाजी, छातीत दुखते का?" मी तोंड उघडाच्या आधी मले खाटेवर निजवलं. फार्मसीवाल्यानं नाडी धरली, दुसरा पाठीले बाम चोळत बसला. इतकं बरं वाटलं का बोलाचंच राह्यलं.

घरी आलो तर बायको म्हणे, "खोली मांगाले गेलते का मालिश कराले?"

आता तुमी म्हणसान, एवढं काय अवघड हाये. माणसं घर सोडाले सांगतातच. पण जो माणूस जिंदगीभर मजाकच करत आला, त्याच्याजवळ दुसरा आवाजच राह्यत नाही. मी कामावर बी असाच. मालकाले म्हणतो सिमेट कमी हाये, तो हासते. खरंच कमी राह्यते.

मंग ऑगस्टात पोरीचा फोन आला. "बाबा, खोली झाली का खाली? सासूबाई म्हणतात, तिकडं जागा नसन तर इथंच करू. मले इथं नाही कराचं बाबा. मले आईजवळ याचं हाये."

म्हणलं, "अवं माय, खोली धुवून ठेवली. पाळणा बी टांगला."

"मजाक नोका करू. खरं सांगा."

"खरंच."

फोन ठेवला अन् बायको माह्याकडं पाहूनच राह्यली. खोलीत पोट्टे गाणे लावून बसलते. बायको म्हणाली, "पोरगी शनिवारी निंगते. तुमी नाही सांगतलं तर मी तिले येऊ नोको म्हणतो. अन् तिच्या सासूले कारण बी सांगतो." हे ते शांतपणे बोलली. थकली होती. मीबी थकलो होतो, काही न करता.

त्या दिवशी मी दारात उभा नाही राह्यलो. आत जाऊन खाली फरशीवर बसलो. म्हणलं, "पोरगी येऊन राह्यली. पहिल्या बाळंतपणाले. मले खोली पाह्यजे."

कळंबचा हासला. माह्या तोंडाची ठेवणच तशी, त्याचा काही दोष नाही. मुकुटबनच्यानं मात्र गाणं बंद केलं.

"कधी येऊन राह्यली?"

"शनिवारी."

"आज बुधवार हाये काकाजी."

"हो."

"तुमाले कधी मालूम झालं?"

"जूनमधी."

मी थोडासा हासलो, सवयीनं. मंग ते बी बंद केलं.

दोन दिवस मीच त्याईच्यासंग गल्लीगल्ली फिरलो. गुडघे भरून आले. साऱ्या खोल्या गेल्या होत्या. एक घरमालकीण म्हणे, "तुमची स्वतःची खोली हाये ना भाऊ, मंग दुसऱ्याची काहून पाहून राह्यले?" मी पुढच्या दाराकडं निंगालो. शेवटी कळंबच्याले बायपासजवळ एका खोलीत घुसवलं, तिथं आधीच तिघं होते. मुकुटबनचा मावशीच्या गावी गेला, तिथून बसनं येणं-जाणं. त्याची सकाळची मैदानावरची प्रॅक्टिस त्यात गेली. जाताना म्हणे, "काकाजी, जूनमधी सांगतलं असतं तर दोघं बी संग राह्यलो असतो." कळंबचा चहा न घेताच गेला.

शनिवारी पोरगी आली. पाय इतके सुजलेले का चप्पल हातात घेऊन ऑटोतून उतरली. खोलीत जाऊन खाटेवर बसली, पाय वर घेतले, भिंतीले पाठ टेकली.

"ते पोरं गेले?"

"गेले."

"राजीखुशी गेले ना?"

बायको दारात उभी होती. एखादी गंमत सांगता आली असती, जिभेवर आली बी होती.

"नाही," म्हणलं. "रागावून गेले. मी उशीर केला."

पोरीनं पाय खाली सोडले. मंग म्हणाली, "पाणी गरम करून आणता का बाबा? पाय शेकतो."

मी बादली उचलली. कंबरेतून कळ निंगाली, पण कोणाले दाखवली नाही.