परत न येणारी मेल

चिखलदऱ्याची कॉफी विकायला मी अमरावतीत घरबसल्या वेबसाइट काढली, तिच्या पत्त्यासाठी नवं नाव विकत घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडले. एकूण एक मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये. अकोल्याच्या धाकट्या दिरावर मी तोंडसुख घेतलं, कारण सगळी मांडणी त्याची.

"वहिनी, नाव नवं हाये. नवख्या माणसाले कोणी लगेच ओसरीवर बसवते का? रोज थोड्याच मेल पाठवा, ओळखीच्यायले. अन् त्यायले म्हणा, उत्तर द्या."

मग नणंदा, मावश्या, मैत्रिणी, सगळ्यांच्या मागे लागले. गिऱ्हाइकानं पत्ता चुकीचा लिहिला तरी मेल हरवू नये म्हणून दिरानं आमच्या नावाच्या कुठल्याही पत्त्यावर येणारं सगळं एकाच पेटीत पडेल असं करून दिलं.

त्याच पेटीत ती मेल आली, मी कधीच न काढलेल्या पत्त्यावर. "बाबा, आज दर्यापूरले गेलती. आपल्या दुकानाची पाटी काढली त्यायनं."

चुकून आली असेल म्हणून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "बाबा, आईनं भरीत केलं. तुमची लय आठवण आली." भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. माझ्या मागं कोणी जेवायला बसलंय असं वाटलं.

दिरानं शोध घेतला. नाव नवं नव्हतंच. आधी कोणाचं तरी होतं, मुदत संपून सुटलेलं.

"तिले उत्तर देऊन टाका ना. अशानंच आपल्या नावाची पत वाढते."

मी त्याला फोनवरच झापलं. पण ऑर्डरी अडल्या होत्या, मोह झालाच. तेवढ्यात तिसरी आली.

"बाबा, तुमी वारल्यापासून माही मेल लगेच परत ये. मले वाटे, तुमीच परत करून राहिले. आता काहून येत नाही? कोण ठेवून घेऊन राहिलं?"

मी घाबरले. ठेवून घेणारी मीच होते.

उत्तर लिहिलं नाही. आमचे दोन पत्ते सोडून बाकी सगळं आल्या पावली परत जाईल असं दिराला करायला लावलं.

"गिऱ्हाईक जाईन, वहिनी."

"जाऊ दे."

आता ती लिहिते की नाही, मला कळायची सोय नाही. बंद झालं की नाही ते पाहायला मी माझ्या जुन्या मेलवरून त्या पत्त्यावर एक ओळ पाठवली. 'जेवले का?' एवढीच.

लगेच परत आली. आणि का कोण जाणे, मला बरं वाटलं.